आधी पान पाहा, मग परीक्षण लिहा

पत्र

आदरणीय ताई,

मी 20 वर्षांची आहे आणि कोल्हापुरात कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला शिकते. आमच्या महाविद्यालयाच्या मासिकात स्पायडर-मॅनच्या चालू मालिकेतील प्रत्येक नव्या अंकाचे परीक्षण मी लिहावे, असे ठरले होते. पहिले परीक्षण मी दोन रात्री जागून लिहिले. मासिकाचे काम पाहणाऱ्या सरांनी ते परत केले आणि समासात एकच ओळ लिहिली, ‘हा गोषवारा झाला, परीक्षण कुठे आहे?’ मला वाईट वाटले, कारण अंकात काय घडते ते सांगितल्याशिवाय वाचकाला काय कळणार? शिवाय गोष्ट अजून अर्धीच झाली आहे, खलनायक कोण आहे हेही उघड झालेले नाही. अर्ध्या गोष्टीला चांगले किंवा वाईट कसे म्हणायचे? मागचे शेकडो अंक मी वाचलेले नाहीत, त्यामुळे मला हे लिहिण्याचा अधिकार तरी आहे का, अशी शंका येते. कॉमिक्स मी फोनवर वाचते, बसमध्ये जाता-येता. परीक्षण सोबत जोडले आहे. मी अंकाला दहापैकी साडेसात गुण दिले आहेत. ते योग्य आहेत का, तेही सांगावे.

आपली, ‘क्रमशः’, कोल्हापूर

उत्तर

प्रिय ‘क्रमशः’,

टोपणनाव नेमके निवडले आहे. मासिकात कादंबरीचे प्रकरण संपले की शेवटी छापला जाणारा हा शब्द आमच्या पिढीच्या चांगलाच ओळखीचा होता, आणि तुमच्या साऱ्या अडचणींचे मूळ त्याच शब्दात आहे असे तुम्हाला वाटते. मला तसे वाटत नाही. गोष्ट अपुरी असणे ही तुमची दुसरी किंवा तिसरी अडचण असेल. पहिली अडचण वेगळीच आहे, आणि ती तुम्ही पत्रात अगदी सहज, बाकीच्या तक्रारी सांगता सांगता, लिहून गेला आहात.

पण आधी परीक्षणाविषयी. ते मी हातात पेन्सिल घेऊन वाचले. 14 परिच्छेदांपैकी 11 परिच्छेद ‘मग’, ‘त्यानंतर’ किंवा ‘इतक्यात’ असे म्हणत पुढे सरकतात. लेखकाचे नाव दोनदा आले आहे, चित्रकाराचे एकदाही नाही. रंगकाम करणाऱ्याच्या वाट्याला ‘रंगसंगती छान आहे’ एवढे एक वाक्य आले आहे आणि अक्षरे लिहिणारा तर कुठे दिसतच नाही. सरांनी समासात लिहिलेली ओळ तुटक आहे, पण चुकीची नाही. मैफलीचा वृत्तांत म्हणून कोणी बंदिशीचे शब्द उतरवून दिले, तर गायिका कशी गायली हे आपल्याला कळत नाही. तुमच्या लेखनाचे तसेच झाले आहे.

त्यात एक वाक्य मात्र मी दोनदा अधोरेखित केले. नवव्या परिच्छेदात तुम्ही लिहिता की मारामारीची पाने तुम्ही भरभर उलटलीत, पण नायक घरी परत येतो त्या पानावर ‘का कोण जाणे’ थांबलात. हे ‘का कोण जाणे’ खोडून टाकायचे आणि त्याच्या जागी कारण लिहायचे, हे परीक्षकाचे काम. तुम्ही का थांबलात? त्या पानावर चौकटी कमी होत्या का? कोणीच बोलत नव्हते का? आधीची चार पाने लाल-निळ्याने भडकलेली असताना हे पान फिके होते का? हे तुम्हाला सांगता आले नाही, कारण बहुधा ते पान तुम्हाला दिसलेच नाही. तुम्ही फोनवर वाचता.

बसमधल्या वाचनाला मी नावे ठेवत नाही. परंतु फोनवर कॉमिक वाचण्याची जी सोय असते, तिच्यात बोटाने टिचकी मारली की एकेक चौकट पडदाभर मोठी होऊन समोर येते आणि पान कधीच एकसंध दिसत नाही. चित्रकार कशाला किती जागा द्यायची हे पानावर ठरवतो. कोणत्या क्षणाला बोटभर चौकट, कोणत्या क्षणाला अर्धे पान, आणि वाचकाने पान उलटताच त्याच्यासमोर काय यावे, या निवडीतून तो कथेचा वेग सांभाळत असतो. फोन या सगळ्या चौकटी एका मापाच्या करून टाकतो. मग हातात उरतात त्या फक्त घटना, आणि घटनांचा गोषवाराच होतो.

एक जुने उदाहरण घेऊ, म्हणजे चालू अंकाविषयी तुमच्या मनात जे आहे त्यात माझी ढवळाढवळ होणार नाही. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा 33 वा अंक, फेब्रुवारी 1966. किंमत 12 सेंट, कथेची पाने 20. हा तीन अंक चाललेल्या कथेचा शेवटचा भाग आहे. 32 व्या अंकाच्या अखेरीस खलनायक डॉक्टर ऑक्टोपसच्या पाण्याखालच्या अड्ड्यात एक अजस्र यंत्र कोसळते आणि स्पायडर-मॅन त्याच्याखाली अडकतो. मे काकूचा जीव वाचवू शकेल असे औषध त्याच्यापासून थोड्याच अंतरावर पडलेले आहे, त्याचा हात तिथवर पोहोचत नाही आणि छतातून पाणी गळू लागले आहे. तिथे ‘क्रमशः’. वाचक महिनाभर त्याला तसाच अडकवून ठेवून शाळेत जाऊन आले.

आता गोषवारा लिहायचा तर तो असा होईल: ‘स्पायडर-मॅन मोठ्या कष्टाने यंत्र उचलतो, औषध घेतो आणि काकू वाचते.’ यातले एकही अक्षर खोटे नाही, आणि तरीही अंकात काय आहे ते यात कुठेच नाही. चित्रकार स्टीव्ह डिटकोने यंत्र उचलण्याच्या त्या एका कृतीला सुरुवातीची पाच पाने दिली आहेत, म्हणजे अंकाचा चौथा हिस्सा. पहिल्याच पानावर यंत्राचा ढिगारा असा पसरला आहे की नायक त्याच्याखाली चिरडलेल्या किड्यासारखा दिसतो. पुढे लहान चौकटींतून त्याचा एकेक प्रयत्न फसतो, मध्येच काकूचे आणि मेलेल्या काकाचे चेहरे त्याच्या मनात येतात, शरीर थोडे वर येते, पुन्हा बसते, आणि जसजसे यंत्र हलू लागते तसतशा चौकटीही मोठ्या होत जातात. शेवटी एकच चित्र पूर्ण पान व्यापते. त्यात यंत्र वर आहे, पाणी उसळते आहे आणि तो मोकळा झाला आहे. पाच पाने कोंडलेल्या वाचकाच्या छातीतही त्या पानावर हवा शिरते. हे सगळे जागेच्या मापावर चालते. फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचणाऱ्याला आधीच्या बोटभर चौकटी आणि ते पानभर चित्र सारख्याच आकाराची दिसतील आणि त्याला वाटेल, इतका वेळ एकच गोष्ट कशाला दाखवत बसले आहेत?

याच पाच पानांवर माझे आणखी एक मत आहे, त्याच्याशी तुम्ही सहमत व्हायला हवे असे नाही. त्या काळी मार्व्हलमध्ये आधी चित्रे काढली जात आणि संवाद नंतर भरले जात. संवाद स्टॅन ली लिहीत असे. या मालिकेत 25 व्या अंकापासून कथानकाचे श्रेय डिटकोच्या नावे छापले जाऊ लागले होते. 33 व्या अंकातील त्या पानांवरचे संवादांचे फुगे कागदाच्या कपट्यांनी झाकून पाहा. प्रसंग जसाच्या तसा उभा राहतो. यंत्राखालचा माणूस चित्रात दातओठ खातच आहे, तेच त्याने शब्दांतही सांगितले आहे, आणि माझ्या मते त्यातली निम्मी वाक्ये गाळली असती तरी काही बिघडले नसते. काकूविषयीची अपराधी भावना मात्र शब्दांमुळेच कळते, ती चित्रातून इतकी नेमकी कळली नसती. म्हणजे ‘संवाद छान आहेत’ किंवा ‘संवाद जड आहेत’ असे एका फटक्यात म्हणून चालत नाही, कोणत्या पानावर कोणते शब्द कामाला आले आणि कोणते आले नाहीत हे दाखवावे लागते. कागदाचे कपटे हा पोरखेळ वाटेल, पण मी अजूनही तसेच करते. पहिले वाचन गोष्टीसाठी, दुसरे फुगे झाकून केवळ चित्रांसाठी, आणि तिसऱ्या वेळी वहीत प्रत्येक पानापुढे चौकटींची संख्या.

चित्रकाराचे नाव तुम्ही लिहिले नाही, त्याचा दोष एकट्या तुमच्यावर टाकणे योग्य नाही. ही आपल्याकडची जुनी सवय आहे. 1964 मध्ये सुरू झालेले आणि 1990 मध्ये बंद पडलेले इंद्रजाल कॉमिक्स आम्ही सुट्टीत पोत्याने वाचले. वेताळाची (म्हणजे फँटमची) कवटीची अंगठी, त्याचे डेंकालीचे जंगल, सारे डोळ्यांपुढे आहे. पण ते जंगल ज्याने रेखाटले त्या साय बॅरीचे नाव मला कळले ते पुष्कळ वर्षांनी. आम्हाला वेताळ दिसत होता, त्याला काढणारा हात दिसत नव्हता. तुम्ही मात्र परीक्षण लिहिणार असाल तर पहिल्या पानावरची श्रेयनामावली आधी उतरवून घ्या: लेखक, पेन्सिलीचे रेखाटन करणारा, त्यावर शाई फिरवणारा, रंगकार, अक्षरकार, संपादक. दर महिन्याला अंक काढायचा असल्यामुळे मध्येच चित्रकार बदलतो, कधी एकाच अंकात दोघे असतात, आणि वाचकाला ‘या वेळी काहीतरी बिनसले’ असे जे वाटते त्याचे उत्तर कित्येकदा त्या नावांतच असते.

अक्षरकाराचे काम क्षुल्लक वाटत असेल तर जून 1973 चा 121 वा अंक काढा. जेरी कॉनवे याने तो लिहिला तेव्हा तो 20 वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याच वयाचा. (अधिकाराचा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून हे सांगितले.) गिल केनची पेन्सिल आणि मुख्यतः जॉन रोमिताची शाई. केनची माणसे खालून पाहिल्यासारखी, हनुवट्या वर केलेली, सतत कुठेतरी झेपावणारी, तर रोमिता त्याआधी प्रेमकथांच्या कॉमिक्समध्ये मुरलेला, त्यामुळे चेहरे मऊ आणि देखणे. दोन वेगळ्या हातांचे हे मिश्रण त्या अंकात उपयोगी पडते, कारण गोष्ट पुलावरून पडण्याची आहे आणि पडणारी व्यक्ती नायकाची प्रेयसी आहे.

खलनायक ग्रीन गॉब्लिन त्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलाच्या मनोऱ्यावरून खाली ढकलतो. स्पायडर-मॅन वरून जाळ्याचा धागा सोडतो आणि तो तिच्या पायाला चिकटतो. त्या चौकटीत, तिच्या मानेजवळ, एक छोटासा ध्वनिशब्द आहे: ‘स्नॅप’. लाठीने फटका बसावा तसा मोठा नाही, काडी मोडावी एवढाच. पुढच्या चौकटींत नायक तिला वर ओढत स्वतःच्या करामतीवर खूश होऊन बोलत राहतो आणि ज्या वाचकाने तो शब्द पाहिला आहे त्याला हे बोलणे ऐकवत नाही. वर आल्यावर तिचा प्राण गेलेला असतो. गॉब्लिन म्हणतो की इतक्या उंचीवरून पडणारा माणूस जमिनीवर आदळण्याआधीच मरतो. पण मानेजवळचा तो शब्द दुसरेच काही सांगतो. वाचकांनी पत्रे लिहून विचारले आणि 125 व्या अंकाच्या पत्रव्यवहारात मार्व्हलकडून उत्तर आले की धाग्याने एकाएकी थांबल्याचा हिसका हेच तिच्या मृत्यूचे कारण. म्हणजे वाचवणाऱ्याच्याच हातून ती गेली. पुढे वर्षानुवर्षे या नायकाच्या मनाला जी टोचणी लागली तिचे बीज एका ध्वनिशब्दात आहे, आणि तो शब्द चौकटीतून काढला तर तीच चित्रे, तेच संवाद राहूनही गोष्ट निराळी होते. तुमच्या गोषवाऱ्यात हा शब्द आला असता का?

याच अंकात एक ढळढळीत चूकही आहे. संवादात पुलाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज असे आहे, चित्रातले दगडी मनोरे मात्र ब्रुकलिन ब्रिजचे आहेत. हावडा ब्रिज काढून खाली वांद्रे-वरळी सागरी सेतू असे लिहावे, तसा हा प्रकार. अशी चूक सापडली की नव्या परीक्षकाला फार आनंद होतो आणि तो त्यावर तीन परिच्छेद लिहितो. तुम्ही एक वाक्य लिहा आणि पुढे चला. न्यूयॉर्कच्या वाचकालाही त्या पानावर पुलाचे नाव आठवत नाही.

आता तुमचा ‘क्रमशः’चा प्रश्न. कसोटी सामन्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वार्ताहर वृत्तांत लिहितो, तेव्हा सामना कोण जिंकणार हे त्याला ठाऊक नसते. तरी सकाळच्या सत्रात चेंडू किती वळत होता, कोणत्या फलंदाजाने संयम दाखवला, उपाहारानंतर कर्णधाराने क्षेत्ररचना का बदलली, हे तो ठामपणे लिहितो आणि पाचव्या दिवसाचा निकाल काहीही लागला तरी ते लिहिणे खोटे ठरत नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली तेव्हा वाचकांनी ती हप्त्याहप्त्यानेच वाचली, आणि पुढे काय होणार हे ठाऊक नसतानाच ते हळहळले. तुमच्या हातातही आज एकच हप्ता आहे आणि तुम्हाला त्याच्याविषयीच बोलायचे आहे.

त्या हप्त्याला काय विचारायचे? मी स्वतः पाहते ते हे की अंक संपताना काही तरी बदलले आहे का, की सगळी पात्रे पहिल्या पानावर होती तिथेच, फक्त अधिक दमलेली, उभी आहेत. 33 व्या अंकात औषध मिळते आणि काकू वाचते. 121 व्या अंकात ग्वेन जाते. बदला पुढच्या अंकात घेतला जाणार असला तरी हा अंक स्वतःचे काम पुरे करतो. याउलट असे अंक पुष्कळ असतात ज्यांत 20 पाने पुढच्या अंकाची जाहिरात चालते, शेवटच्या पानावर कोणी तरी अंधारातून बाहेर येतो आणि त्याचे नाव पुढच्या महिन्यात कळेल असे सांगितले जाते. तुमच्या अंकात खलनायक उघड झालेला नाही, हा दोष नाही. तो उघड होईपर्यंत वाचकाला धरून ठेवील असे दुसरे काही अंकात आहे की नाही, ते पाहा. माझ्या समजुतीप्रमाणे आहे. ते त्या घरातल्या पानावर आहे.

मागचे शेकडो अंक वाचलेले नसणे हे तुमचे सध्या तरी बळ आहे. अमेरिकेतील कॉमिक्सच्या धंद्यात जुने वचन आहे की प्रत्येक अंक हा कोणाचा तरी पहिला अंक असतो. तो तुमचा पहिला असेल तर तसे सरळ लिहून टाका आणि कुठे अडखळलात तेही लिहा. 60 वर्षे वाचणारा परीक्षक ते लिहू शकणार नाही, कारण तो अडखळतच नाही. मात्र एका बाबतीत काळजी घ्या. अंकाचा क्रमांक लिहिताना वर्ष लिहायला विसरू नका. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा पहिला अंक 1963 मध्ये निघाला आणि त्यानंतर 1999, 2014, 2015, 2018 आणि 2022 मध्येही ‘पहिला अंक’ निघालेला आहे. मालिकेचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करण्याची प्रकाशकांना हौस असते, कारण पहिला अंक जास्त खपतो.

कथा किती सांगावी, हा तुमचा न विचारलेला पण परीक्षणभर जाणवणारा प्रश्न आहे. शेवटच्या पानावरचे रहस्य तुम्ही चौथ्याच परिच्छेदात फोडले आहे. 121 व्या अंकाचे कथाशीर्षक पहिल्या पानावर छापलेलेच नव्हते, कारण शीर्षकातच मृत्यू होता. ते शेवटच्या पानावर, सगळे घडून गेल्यावर येते. मुखपृष्ठावर मात्र नायकाच्या जवळच्या माणसांचे चेहरे होते आणि त्यांतले कोणी तरी मरणार अशी जाहीर धमकी होती. म्हणजे अंक करणाऱ्यांनी किती सांगायचे आणि किती झाकायचे याची रेषा स्वतःच आखून ठेवली होती. नव्या अंकाचे परीक्षण करताना साधारण तीच रेषा पाळावी. मुखपृष्ठाने आणि पहिल्या चार-पाच पानांनी जे सांगितले ते खुशाल सांगावे, पुढचे सांगितल्याशिवाय मुद्दा मांडता येत नसेल तर त्या परिच्छेदाआधी वाचकाला सावध करावे. 50 वर्षांपूर्वीच्या अंकाला हे सोवळे लागू नाही, म्हणून मी वर बेधडक सारे सांगून टाकले. गोषवाऱ्याला एकूण लेखाचा पाचवा भाग पुरतो. 800 शब्द लिहिणार असाल तर 160, त्याहून एक शब्दही जास्त नको.

साडेसात गुणांविषयी मी काही सांगू शकत नाही, कारण उरलेले अडीच कुठे कापले ते तुमच्या लेखात लिहिलेले नाही. आकडा द्यायचाच असेल तर द्या, पण आकडा झाकूनही तुमचे मत कळले पाहिजे. मला तुमच्या मजकुरावरून ते पाच वाटले होते.

भाषेबद्दल दोन शब्द. तुम्ही ‘पॅनेल’, ‘बबल’, ‘स्प्लॅश’ असे शब्द वापरलेत आणि मग घाबरून प्रत्येकाचा अर्थ समजावत बसलात. चौकट, फुगा, पानभर चित्र, निवेदनाची पट्टी हे शब्द वाचकाला न सांगताही समजतात. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या जागेला मी नुसतेच ‘मोकळी पट्टी’ म्हणते आणि आजवर कोणी अर्थ विचारलेला नाही. ‘कॉमिक’ला मात्र ‘चित्रकथा’ म्हणण्याचा अट्टहास करू नका. दुकानात जाऊन आपण कॉमिकच मागतो. आणि ‘उत्कंठावर्धक’ हा शब्द तुम्ही सहा वेळा वापरला आहे. सहाही ठिकाणी तो काढून, त्या जागी पान क्रमांक आणि तिथे काय दिसते ते लिहा.

शक्य असेल तर तो अंक छापील मिळवा. नव्या अंकाची मूळ किंमत चार-पाच डॉलर असते, तो इकडे मागवणे विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही हे मला कळते. म्हणून दुसरा मार्ग सांगते. ग्रंथालयातल्या संगणकाच्या मोठ्या पडद्यावर अंक उघडा, चौकटीगणिक पुढे नेणारी सोय बंद करा आणि समोरासमोरची दोन पाने एकत्र दिसतील अशी मांडणी करा. मग पहिल्या पानापासून सुरुवात न करता थेट नायक घरी येतो त्या पानावर जा, फुग्यांवर कागद ठेवा आणि त्या पानावर व त्याच्या आधीच्या पानावर चौकटी किती आहेत ते मोजा. दोन्ही आकडे मला पुढच्या पत्रात कळवा, आणि ‘का कोण जाणे’च्या जागी काय लिहिलेत तेही.

तुमची, ताई